नमुना सही

वडिलांचा दम्याचा पंप ऑक्टोबरच्या शेवटी बदलला. जुन्याने दम आटोक्यात राहत नव्हता. नवा देताना महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की सुरुवातीला हात थरथरेल, छातीत धडधडेल, तीनेक आठवड्यांत शरीराला सवय होईल. मनाने बंद करू नका. जवळ असलेला तातडीचा निळा पंप मात्र धाप लागली तरच घ्यायचा.

आठवड्याभरात श्वास सुधारला. हात थरथरू लागला.

वडील पोलादपूर तालुक्यात शिक्षक होते. निवृत्तीपर्यंत त्यांनी पहिलीचा वर्ग सोडला नाही. त्यांच्या आधीच्या पिढीत आमच्या बौद्धवाडीत कागदावर अंगठाच लागायचा, आजोबांचाही. वडील सहीत पूर्ण नाव लिहीत आणि खाली एक सरळ रेघ ओढत.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्यावर सही करावी लागते. मुदत संपायला दोन आठवडे होते. मला मुंबईहून एकाच दिवसाची सुट्टी मिळाली होती, म्हणून त्याच दिवशी जायचं ठरलं.

सकाळी आईने मला बाजूला घेतलं. सही नीट यावी म्हणून चार दिवस वडिलांनी नवा पंप घेतला नव्हता. धाप लागली की निळा ओढत होते. मी नव्या पंपावरचा उरलेल्या डोसांचा आकडा पाहिला. आई खरं सांगत होती. निळ्यानेही हात थरथरतो, हे मला माहीत होतं. एसटीची वेळ झाली होती. मी कागदांची पिशवी उचलली.

बँक पहिल्या मजल्यावर. अर्ध्या जिन्यात ते थांबले आणि निळा पंप चार वेळा ओढला. मी वर जाऊन रांग धरली.

पहिली सही चौकटीबाहेर गेली. अधिकाऱ्याने स्क्रीनवरच्या जुन्या नमुना सहीशी ती ताडली आणि दुसरा फॉर्म दिला. या वेळी वडिलांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. नावाचं दुसरं अक्षर विस्कटलं.

शिपाई म्हणाला, "गुरुजी, आज सकालीच लावली काय?"

रांगेतले हसले. वडिलांनी आयुष्यात दारू घेतलेली नाही. हे मी तिथे सांगू शकलो असतो.

अधिकारी म्हणाला, "आजोबा, अंगठा द्या. सोपं पडेल."

वडील माझ्याकडे वळले. "पुढच्या आठवड्यात येऊ. डॉक्टर म्हणालेत, थांबेल."

"द्या ना, बाबा," मी म्हणालो. "मला चारची गाडी हाय." घाईत माझी बोली वाडीवर गेली.

शिपायाने त्यांचा अंगठा धरून पॅडवर दाबला, मग कागदावर. दुसऱ्याने धरल्यामुळे ठसा स्वच्छ उठला. अधिकाऱ्याने शेजारी 'निरक्षर' लिहिलं आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. ती कोणी जुळवून पाहिली नाही.

संध्याकाळपासून वडिलांनी नवा पंप पुन्हा सुरू केला. डिसेंबरात हात थरथरायचा थांबला, डॉक्टर म्हणाले होते तसाच. नमुना सही नव्याने देता येते; मी कोरा अर्ज घरी पाठवला. त्यांनी तो भरला नाही. बँकेत गेले की कोणी सांगायच्या आत पॅड स्वतःच पुढे ओढतात, असं आई फोनवर सांगते.