रांगेल खाटकाची साक्ष

रांगेलचं दुकान फोडलं त्या शनिवारी मी समोरच माझ्या बूटदुरुस्तीच्या दुकानात होतो. चाळीसेक माणसं आली, हातात लोखंडी गज. आधी काच गेली, मग वजनकाटा. रांगेल मध्ये पडला तर त्याला फरशीवर पाडलं आणि कुणीतरी बुटाने त्याचं उजवं मनगट चेचलं. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू आला. त्याची बायको त्सोन्का सुरा घेऊन धावली, तेव्हा कुठे गर्दी मागे हटली. मी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. ते लपवून काय उपयोग!

कारण एवढंच, की आमच्या गोर्नो ब्रेस्तोवोचा पैलवान झिव्को पास्कालेव्ह उत्तेजक चाचणीत सापडला होता. जनावरांचं मांस वाढवायला टोचतात ते औषध त्याच्या लघवीत निघालं. पेपरवाल्यांना तो म्हणाला, "मी काही घेतलं नाही. रांगेलकाकांकडचं सुजुक खाल्लं होतं." संपलं! वीस वर्षं ज्याच्या हातचं सुजुक, ते वाळवलेलं मसालेदार सॉसेज, गावाने चाटून खाल्लं, तो एका दिवसात विषारी ठरला.

इस्पितळात रांगेलला भेटायला झिव्कोचा मामा नायदेन आला. तोच त्याचा वस्तादही. त्याने टाइप केलेला कागद खाटेवर टाकला.

"सही कर. वासरू बाहेरून आणलं होतं, त्याला काय टोचलं होतं ठाऊक नाही, एवढंच लिहिलंय. पोरगा सुटेल आणि तुझ्याकडे कुणी डोळे वर करून बघणार नाही."

"सहीचा हात तर तुम्हीच मोडलात."

"डाव्याने कर."

रांगेल कागदावर थुंकला. नायदेनने त्याच्या प्लास्टरवर मूठ हाणली. तो गुरासारखा ओरडला. नर्स धावत आली.

झिव्कोवर चार वर्षांची बंदी आली आणि तिच्याविरुद्धचं त्याचं अपील परदेशात, लोझानच्या क्रीडा लवादापुढे गेलं. चाचणीवाल्यांच्या बाजूने रांगेलला साक्षीला बोलावलं. सोबत मी गेलो. घाबरून का होईना, त्या दिवसाचं थोडं फेडायचं होतं. तिथे ना काळे झगे, ना पिंजरा. लांब टेबल, तीन पंच आणि एक दुभाषी बाई.

झिव्कोच्या वकिलाने विचारलं, "वासरांना वजन वाढवायचं औषध देता?"

"माझी बायको त्यांना बाटलीने दूध पाजते. औषध म्हणजे जंतांचं, तेही डॉक्टर देतो ते."

ज्या वासराचं ते सुजुक, त्याचीच कलेजी रांगेलने शाळेच्या वसतिगृहाला विकली होती आणि ती तिथे गोठवलेली होती. ती तपासली तर साफ निघाली होती. तज्ज्ञ म्हणाला, वासराला टोचलेलं असतं तरी शरीरात एवढं औषध यायला एका दिवसात अर्धं वासरू खावं लागेल. मधल्या पंचांनी झिव्कोला विचारलं, "तुम्ही किती खाल्लंत?"

मधल्या सुट्टीत झिव्कोने रांगेलला बोळात गाठलं. एका हाताने गळा धरून भिंतीवर आपटलं.

"एकदा 'हो' म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं तुमचं?"

मी ओढायला गेलो, तर कोपराच्या एका धक्क्याने लांब पडलो. रांगेलने डोकं मागे नेलं आणि त्याच्या नाकावर हाणलं. झिव्को रक्ताने न्हाला, मटकन खाली बसला.

"काय घेतलंस रे?"

"मामा देईल ते. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून."

"मग आत जाऊन सांग!"

झिव्को आत गेला. नाकाला दुभाषी बाईचा रुमाल लावून बसला आणि एक शब्द बोलला नाही.

चार वर्षांची बंदी कायम राहिली. निवाड्यात लिहिलं होतं, खाटकाच्या मांसाचा संबंध कुठेही दिसत नाही. रांगेलने ते पान दारावर चिकटवलं. दोन दिवसांत कुणीतरी दारालाच आग लावली. त्सोन्काने बादल्या ओतून विझवली, हात भाजून घेतले.

पुढच्या वसंतात झिव्को तालमीत शिरला आणि सगळ्यांच्या देखत खुर्चीच्या पायाने मामाच्या दोन्ही खांद्यांची हाडं फोडली. पोलीस येईपर्यंत मारत होता. आठ महिने तुरुंगात होता. मामाच त्याला लहानपणापासून औषध देत होता, हे न्यायालयात उघडं पडलं, आणि मग लोक खाली मान घालून दुकानात यायला लागले.

रांगेल सगळ्यांना पहिल्यासारखंच मांस तोलून देतो. पण मनगट सांधलं तरी आता जनावर त्सोन्का कापते. हाड मोडल्याचा आवाज त्याला सोसत नाही; तेवढा वेळ तो आवाराबाहेर पाठ करून उभा असतो आणि तिने हाक मारल्याशिवाय वळत नाही.