भिंतीवरची बाई

मोताळ्याच्या बसस्टँडसमोर एड्सची जाहिरात मीच रंगवली होती. तो शब्द तेव्हा नवा होता. आरोग्य खात्याच्या माणसानं कागदावर मजकूर लिहून दिला, 'परस्त्रीपासून सावध राहा', आणि खाली एक ट्रक नि लाल ओठांची बाई काढायला सांगितली. बाई मी झकास काढली. बाजाराच्या दिवशी माणसं तिच्यापुढं थांबून दात काढायची.

माझा जीव ज्याच्यावर होता तो ट्रकच चालवायचा, कापसाच्या गाठी न्यायचा. त्याला बायको होती, मला नव्हती. गाव आम्हाला जिगरी दोस्त म्हणायचं, त्यापुढचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. भिंत पाहून आम्ही दोघं हसलो होतो. "आपल्याले काय भेव," तो म्हणाला, "आपन कुठं बायाइच्या मागं जातो?" त्याला रस्त्यावर माझ्यासारखे आणखीही होते, हे मला माहीत होतं. ते आम्ही धरतच नव्हतो.

दोन वर्षांत तो वाळून काटकी झाला. अकोल्याच्या डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं आणि महिन्याभरात तो गेला.

दहाव्याला नळगंगेच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. थोरल्या भावानं हात जोडून सगळं कबूल केलं, पोरीचं लग्न करून देतो, मायला सांभाळतो. कावळे झाडावरून हलले नाहीत. ऊन चढलं. मग कोणीतरी म्हणालं की याच्या मनात बायकोचंच काही सलतंय, आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती बायांमध्ये खाली मान घालून बसली होती.

थोरला माझ्याकडे आला. "तू त्याच्यासंगं फिरे. खरं सांग बे, तो बायाइकडे जाये का?"

"नाही," मी म्हणालो. "कोन्याच बाईकडे गेला नाही तो."

खरं होतं ते. आणि सांगताना मला, निर्लज्जाला, अभिमान वाटला. माझ्या माणसाची अब्रू मी राखली होती.

"मंग बिमारी इनंच आनली," थोरला म्हणाला.

त्यानं तिला केसाला धरून वाळूतून ओढलं. पहिली लाथ पोटात बसली. पिंडाला पाणी आणलेला तांब्याचा लोटा त्यानं तिच्या तोंडावर मारला, परत मारला, आणि एक दात वाळूत पडला. काल तिच्या गळ्यात पडून रडलेल्या बाया गोटे उचलून आल्या. सासूनं तिचं तोंड पाण्यात दाबलं. "भितीवर लिहेल हाय, बाईपासूनच होते," कोणीतरी सांगत होतं. ती अक्षरं माझी होती.

मी नुसता उभाच राहिलो. एक वाक्य पुरलं असतं. पण तोच लोटा आपल्या कवटीत बसेल, एवढंच मला दिसत होतं. मी भित्रा आहे, हलकट आहे, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. लाथा बसत असताना तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

त्या धुमश्चक्रीत कावळा कधी शिवला ते कोणी पाहिलंच नाही. पिंड फुटलेला दिसला तेव्हा लोक म्हणाले, चला, त्याचं समाधान झालं.

पोरगी ठेवून घेऊन तिला दुपारीच माहेरी, सोनाळ्याला, हाकललं. स्टँडवर मी तिला पाणी दिलं. समोर माझी भिंत होती. तिनं चूळ भरली, तांबडं थुंकली आणि हळूच बोलली.

"भाऊजी, मले सारं मालूम होतं. मी तुमचं नाव घेतलं असतं तर त्याइनं तुमाले जित्तं सोडलं नसतं. तुमी बी तपासून घ्या."

बस गेली. मी तपासून घ्यायला गेलो नाही. मी कुठं बाईकडे गेलो होतो?

तीन वर्षांनी अंगावर चट्टे उठले तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं विचारलं, बाईकडे जात होता का. नदीकाठी थोरल्याला दिलं तेच उत्तर आधी तोंडात आलं. या वेळी मी त्याच्या पुढचंही सांगितलं. तोवर ती सोनाळ्यात त्याच रोगानं जाऊन वर्ष झालं होतं.