स्विच चांगला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही, कारण नीलिमा तिची मैत्रीण होती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतंय — एवढंच.

लखनऊला हजरतगंजच्या आमच्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. मी साताऱ्याचा, याच नोकरीत केस पिकलेला. नीलिमा अकोल्याची, कॉन्ट्रॅक्टवर आलेली, माझ्याच शिफारशीने. सरोजिनीनगरात भाड्याने राहायची, घर तिच्या एकटीच्या पगारावर. मला दादा म्हणायची, आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी पाठवायची. सर्व्हर माझ्याकडे, बाकीचं नेटवर्क तिच्याकडे. यात बिघडण्यासारखं काय होतं? पण तिने नवा स्विच मागितला आणि तिवारीसाहेबांनी लगेच दिला. मी मागितला होता तेव्हा दिला नव्हता. मला ते झोंबलं. हो, झोंबलं.

स्विच म्हणजे सगळ्यांचे कॉम्प्युटर ज्यातून सर्व्हरला जोडतात तो डबा. तिने तो शनिवारी बसवला. त्याच दुपारी मी एक चाचणी घेत होतो — त्यासाठी सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा वेग हाताने बांधून टाकला. एरवी कार्ड आणि स्विच आपसात ठरवून घेतात. एकाने असा हट्ट धरला की दुसरा अंदाजाने चालतो, मग डेटा आदळतो, पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. चाचणी संपली की सेटिंग परत ऑटोवर न्यायचं असतं. मी विसरलो.

सोमवारी सगळं ऑफिस रखडलं. पिंग ठणठणीत, म्हणजे जोडणी शाबूत, पण फाईल उघडेपर्यंत माणूस खाली जाऊन चहा पिऊन यायचा. साहजिकच सगळ्यांचं बोट नव्या स्विचकडे. मीटिंगमध्ये नीलिमा सगळ्यांसमोर माझ्याकडे वळली. "दादा, शनिवारी तुम्ही सर्व्हरवर काही बदललं होतं का?"

मी हिंदीत उत्तर दिलं. "नहीं, मैंने तो कुछ छुआ ही नहीं।"

हिंदीत का? साहेबांना कळावं म्हणून? की तिच्याशी मराठीत खोटं बोलायला जीभ वळली नसती म्हणून? तेव्हा आठवलंच नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. पण आठवलं होतं — तिने विचारलं त्याच क्षणी.

ती साहेबांना म्हणाली, "सर, पुराना स्विच लगाकर देख लेते हैं। फिर भी स्लो रहा, तो मेरा स्विच ठीक है।" अगदी बरोबर होतं तिचं. जुन्यावरही स्लोच राहणार होतं. ती सुटली असती, आणि मग सगळ्यांनी सर्व्हरकडे पाहिलं असतं. माझ्याकडे.

ती केबली बदलायला सर्व्हर रूममध्ये गेली. मी माझ्या खुर्चीत बसून सर्व्हरवर लॉगिन केलं — आणि सेटिंग ऑटोवर टाकलं. विसरणं एक वेळ समजू शकतो. हे विसरणं नव्हतं. जुना स्विच लागला आणि सगळं सुरळीत चालू झालं. ती बाहेर आली तेव्हा साहेब तिला फक्त "अच्छा" म्हणाले. तिनेच सुचवलेल्या चाचणीत मी तिला खोटं पाडलं होतं.

तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. साहेबांनी माझं मत विचारलं होतं. मी गप्प बसलो, आणि माझ्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो त्यांनी घेतला.

पुढे जुना स्विच जळाला, तेव्हा तिचा स्विच कपाटातून मीच काढून लावला. आजही चालतोय, कधी तक्रार नाही. खर्च वाचवला म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

लखनऊ सोडायच्या आधी नीलिमा घरी आली होती. बायको चहा करायला आत गेली, तेव्हा हळूच म्हणाली, "दादा, माझ्यामुळे तुमचा शब्द खाली पडला. मला माफ करा."

आणि मी — या वेळी मराठीत — म्हणालो, "असू दे गं."