लसणावर घातलेला बर्फ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या वहिनींचे. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात वडिलांची पिठाची गिरणी होती. मी दहावी झालो तेव्हा आता गिरणीवर बसायचं असं वडिलांनी ठरवलं होतं, आणि ते कोणाला चुकीचं वाटलं नव्हतं, कारण आमच्या घरात त्यापुढे कोणी शिकलेलंच नव्हतं. वहिनींच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून सासऱ्यांना सांगितलं, "भाऊजी शिकतील. गिरणीवर मी बसते." आणि खरंच बसल्या. "दळायला चाललास की सून बघायला?" असं लोक एकमेकांना विचारायचे. वहिनींना ते ऐकू यायचं. मी पदवीधर झालो, पुण्यात नोकरी लागली, तिथून इथे मिनेसोटात ईडन प्रेरीला आलो, ते त्या एका वाक्यामुळे. मी असं म्हटलं की त्या "काहीतरीच तुमचं, भाऊजी" म्हणतात आणि पाऊसपाण्याचं बोलू लागतात.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी मी त्यांना पत्र लिहिलं. ते का लिहावं लागलं ते सांगतो.

इथे शहराची एक बाग आहे. तिच्यातले वाफे आखून लोकांना भाड्याने देतात. त्याला प्लॉट म्हणतात, त्यामुळे धाकट्याने अमेरिकेत प्लॉट घेतला अशी बातमी गावभर झाली होती. त्यात फक्त मेथी येते, हे दादांना कोणाला पटवता येईना. ऑक्टोबरात बहुतेक लोक वाफे मोकळे करून घरी जातात. पण लसूण तेव्हाच लावायचा असतो. पाकळी मातीत टोचायची, वर गवताचा पेंढा पसरायचा आणि हिवाळा सोसू द्यायचा. उन्हाळ्यात गड्डे भरतात.

हा लसूण बायकोने लावला. तिला सहावा महिना होता. वाकता येत नव्हतं म्हणून ती उपड्या बादलीवर बसून एकेक पाकळी लावत होती आणि बादली पुढे सरकवायला मला सांगत होती.

"निघेल तेव्हा बाळ बसायला लागलं असेल," ती म्हणाली. "साली टाकायच्या नाहीत हां. ओवा आणि लसणाच्या साली घालून धुरी द्यायची."

"धुरी दे आणि फायर ब्रिगेड बोलाव."

"येऊ देत. त्यांनाही शेकून काढते."

नोव्हेंबरात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. एवढंच, की त्यानंतर बायकोला दूध आलं. ते येईल हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ती पुन्हा कामाला लागली, घरूनच, कॅमेरा बंद ठेवून. माझ्याशी बोलणं दूध आणायचंय, गाडीत पेट्रोल आहे का, एवढ्यावर आलं. मी समजूत घालायला जवळ गेलो की ती शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जायची. रागाने नाही. रागाने गेली असती तर मला बरं वाटलं असतं. मी शिकलेला माणूस, अडलं की वाचून काढायचं ही माझी सवय. या बाबतीत मिळेल ते सगळं वाचलं आणि त्यातलं एकही वाक्य तिच्यासमोर उभं राहून मला म्हणता आलं नाही.

डिसेंबर तसाच गेला. त्या वर्षी बर्फ पडेना. एकदाच पडला, त्याचे ढीग पार्किंगच्या कोपऱ्यांत काळे पडून राहिले, बाकी जमीन उघडी. एका संध्याकाळी बायको खिडकीशी उभी होती. आपणहून म्हणाली, "बर्फच नाहीये. लसूण मरेल ना रे?"

त्या आठवड्यात तिने मला विचारलेली ती एकच गोष्ट होती. बर्फ पांघरुणाचं काम करतो. तो नसला आणि थंडी उणे वीसच्या खाली गेली की मातीच गोठून फुगते आणि पाकळ्या वर फेकल्या जातात. मी तिला म्हटलं, "नाही मरणार. मी बघतो." आणि मनाशी ठरवलं की हा लसूण जगला तर आम्ही दोघं जगू. अशी पैज कोणी लावू नये.

ऑफिसच्या पार्किंगमधला बर्फ टबात भरून मी प्लॉटवर नेऊ लागलो. शेजारचा वाफा नागपूरकडच्या एका निवृत्त काकांचा आहे. कुत्र्याला फिरवायला ते तिथे यायचे. टबात वाकून बघत म्हणाले, "अरे बाबा, रस्त्यावरचा बर्फ हा. ह्यात मीठ असते. लसूण लावला की लोणचं घातलं?"

मी टाकलेला सगळा बर्फ फावड्याने परत काढला, खालच्या पेंढ्यासकट, आणि नवा पेंढा पसरला. मग मला स्केटिंगच्या हॉलमागचा ढीग सापडला. तिथे यंत्राने बर्फाची लादी तासतात आणि कीस मागच्या अंगणात ओततात, अगदी पांढरा, पिठासारखा. विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, हवा तेवढा ने. पुढे मला बघितलं की तो "गार्लिक गाय", म्हणजे लसूणवाला, म्हणून हात करायचा. ऑफिस सुटलं की मी तिकडून टब भरायचो, वाफ्यावर ओतायचो, हाताने थापायचो. वारा सुटला की कीस उडून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जानेवारीत मोठी थंडी आली तेव्हा शाळा बंद होत्या, काकांचं कुत्रंही घराबाहेर पडत नव्हतं. मी जात होतो. बोटं दुखायची, मग दुखायची थांबायची. घरी आलो की बायको विचारायची, "घातलास?" मी म्हणायचो, "घातला." एवढा आमचा संसार चालू होता.

फेब्रुवारी संपता संपता ऊन आलं आणि माती वरवर सैल झाली. मी पेंढा बाजूला करून एक पाकळी उकरली. बोटांत तिचा लगदा झाला. दुसऱ्या ओळीत बघितलं, मग कडेला, मग मधोमध. सगळीकडे तोच पिवळट लगदा आणि कुजका वास. मी सगळं उकरत सुटलो. एक तरी सापडेल म्हणून.

घरी गॅरेजमध्ये गाडी लावली आणि बसून राहिलो. तिला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. काही वेळाने आतलं दार उघडून ती आली. माझ्या हातांवरची माती बघितली.

"मेलाय ना?"

मी मान हलवली.

"मला माहीत होतं. जानेवारीतच, दोन दिवस ऊन पडलं होतं तेव्हा, जाऊन उकरून आले होते. तू ऑफिसला होतास."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू रोज जायचास. आल्यावर जेवायचास तरी." मग तिचा आवाज बदलला. "गाडी बंद कर. बंद कर आधी."

इंजिन चालू होतं. गॅरेजचं दार मागे मी बटण दाबून खाली आणलेलं होतं; अशा कोंडलेल्या धुराने माणूस बसल्या जागी जातो. तिने भिंतीवरचं बटण दाबून ते वर घेतलं आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. आम्ही ड्राइव्हवेवर उभे राहिलो. मी मुद्दाम केलं नाही, असं तिला पुन्हा पुन्हा सांगत होतो. ते खरं होतं. पण मी कितीदा सांगतोय हे मलाच ऐकू आलं आणि भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी वहिनींना लिहिलं. पत्ता घराचा घातला नाही, गिरणीचा घातला. वहिनी अजूनही तिथेच बसतात.

"वहिनी, पाया पडतो.

फोन न करता लिहितोय, कारण घरी फोन आला की तो स्पीकरवर लावतात आणि दादा, पोरं, शेजारच्या मावशी सगळे भोवती बसतात. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून मी बरं आहे म्हणतो. बरं नाही. हिलाही नाही आणि मलाही नाही. काल मी गाडी चालू ठेवून बंद गॅरेजमध्ये बसलो होतो. मरायचं म्हणून नव्हे, पण उठायचंही सुचलं नव्हतं. डॉक्टरांची वेळ आम्ही दोघांसाठी घेतली आहे. तुम्ही काळजी कराल हे माहीत असून लिहितोय, कारण आता कोणीतरी करायला हवी.

तुम्ही माझ्यासाठी एकदा बोललात. तेव्हा मी कोपऱ्यात गप्प उभा होतो. आताही मला बोलता येत नाही. हिने लावलेला लसूण मेला, तो जगवायला मी हिवाळाभर बर्फ वाहिला, आणि तो मेल्याचं माहीत असून हिने मला वाहू दिला. तीन महिने आम्ही दोघं एकमेकांना असं सांभाळत होतो आणि बाळाबद्दल एक शब्द बोललो नाही. पुढे काय करायचं ते मला कळत नाही. शिकलो तरी कळत नाही.

हिला फोन करा. स्पीकर नको, जवळ कोणी नको. ती काही बोलली नाही तरी लगेच ठेवू नका. मुलगी कशी होती ते विचारा. ते तिला अजून कोणीच विचारलेलं नाही, मीसुद्धा नाही. तिचं झालं की मग मला द्यायला सांगा.

दुपारी गिरणी बंद असते तेव्हा करा. इथे तेव्हा रात्र असते, पण आम्ही जागेच असतो, वेगवेगळ्या खोल्यांत."