धुक्यात हरवलेली मुंबई: लालबाग ते वरळी, समुद्रमार्गे

त्या वर्षांत मुंबई कोणाची, यावर अख्खं लालबाग पेटलं होतं. आमच्या चाळीतल्या बायका चपात्या लाटतानाही घोषणा द्यायच्या. मी मात्र निघालो होतो मुंबई नेमकी कुठे आहे ते शोधायला, तेही समुद्रावरून आणि डोळ्यांनी न बघता!

मी रेडिओ दुरुस्त करायचो. वरळी कोळीवाड्यातले हरी तांडेल त्यांचा सेट घेऊन आले, तेव्हा मी फुशारकी मारली की रेडिओच्या लहरींवर होडी घरी आणता येते.

"मग चल," तांडेल म्हणाले. "परवा पोरीचा साखरपुडा हाय. दुपारी बाराला पावनं येतील. त्याच्या आत ताजा म्हावरा घेऊन परत यायचं. जमंल?"

जमणार नाही, असं सांगतो कोणाला!

कॅरमच्या जुन्या चौकटीवर गिरगावातून आणलेली तांब्याची तार गुंडाळली, ती तांडेलांच्या सेटला जोडली आणि दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन वरळीची बस पकडली. कंडक्टर म्हणाला, "पाटी कुठं हरवलीस रे?" आणि चौकटीचंही तिकीट फाडलं. दुपारी होडी सुटली; तांडेल, त्यांचे दोन खलाशी आणि मी. असा प्रवास करायचाच असेल तर रिकाम्या पोटी जाऊ नका. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी पोटात होती म्हणून मी तगलो.

युक्ती सोपी आहे. विमानतळाजवळचं केंद्र दिवसभर एकच खूण, कट्ट-कड कट्ट-कड, लांब लहरींवर पाठवत राहतं. या लहरी पाण्याला धरून दूरवर येतात. चौकट फिरवली की आवाज वाढतो, कमी होतो आणि एका जागी पार बंद पडतो. आवाज सगळ्यात मोठा कुठे, ते कानाला नीट उमगत नाही. बंद कुठे पडला, ते मात्र लगेच कळतं. त्या क्षणी चौकटीची सपाट बाजू ज्या रेषेकडे तोंड करून असते, त्या रेषेवर केंद्र.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी जाळी ओढून झाली आणि धुकं उतरलं. होडीचं नाकसुद्धा दिसेना. होकायंत्र उत्तर दाखवत होतं, पण रात्रभर प्रवाहाने आम्हाला कुठे नेलं ते त्याला काय ठाऊक?

"आता दाखव," तांडेल म्हणाले.

मी चौकट पाण्यापासून सांभाळून इंजिनाच्या झाकणावर ठेवली, खूण ऐकली, दिशा सांगितली. अर्धा तास होडी हाकली. मग तांडेलांनी तळाला चरबी फासलेलं शिशाचं वजन पाण्यात सोडलं. चरबीला चिकटून वर आली ती वाळू.

"हितं काळा चिखल पायजे. तुजा रेडिओ खोटं बोलतो."

"रेडिओ खोटं बोलत नाही, काका!"

"चिखल पन नाय बोलत."

साडेनऊ वाजून गेले होते. लग्नघरचा मासा बर्फात, मुलीचा बाप समुद्रात, आणि मी आपला चौकट फिरवतोय. तेवढ्यात माझा हात इंजिनाला लागला आणि चटका बसला. चटक्याबरोबर अक्कलही आली. दुकानात मी सगळ्यांवर ओरडायचो, सेटजवळ लोखंड ठेवू नका! आणि इथे मी चौकटच होडीतल्या सगळ्यात मोठ्या लोखंडावर मांडली होती.

चौकट उचलून थेट नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला नेली. आवाज बंद पडण्याची जागा चांगलीच सरकली.

"काका, उजवीकडे घ्या. चूक माझी, रेडिओची नाही."

तांडेलांनी सुकाणू वळवलं. थोड्या वेळाने वजन पुन्हा सोडलं. काळा चिखल! रेडिओने रेघ दिली, आणि त्या रेघेवर आपण कुठे आहोत ते चिखलाने आणि पाण्याच्या खोलीने सांगितलं. तिथून तांडेलांनी वरळीकडे रोख धरला. साडेअकराला धुकं फाटलं, तर वरळीचा किल्ला समोर!

"मुंबई सापडली!" मी ओरडलो. दोघे खलाशी लगेच गरजले, "आणि ती महाराष्ट्राचीच!"

पाहुणे येण्याआधी टोपल्या अंगणात पोचल्या. पंगतीत तांडेलांनी मला नवऱ्यामुलाच्या बापाशेजारी बसवलं. "ह्या पोरानं होडी आनली." इंजिनाची गोष्ट सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. "जेव गपचूप."

संध्याकाळी लालबागला घरी आलो. भेट मिळालेला सरंगा साफ करता करता आई म्हणाली, "वरळीला जायला दोन दिवस? सगळ्या चाळीत एवढा शहाणा तूच!"

तेव्हापासून दोन साक्षीदार वेगळं बोलले की मी कोणालाच खोटं ठरवत नाही, आधी माझं काय चुकलंय ते बघतो. आणि खरं सांगू? पुढे खूप मोठे सेट दुरुस्त केले, पण त्या पंगतीत बसलो होतो तितका उंच मी पुन्हा कधी झालो नाही.