नसलेली फाइल आणि सुनीताची झोप

आधीच सांगते, मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेली बाई. रस्त्यात उतारा दिसला तर त्यातलं लिंबू घरी आणून सरबत करीन, असली मी! तरी हे लिहितेय...

भूकंपानंतरची वर्षं. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघालेले. आमच्या क्लासमध्ये टेस्टचे मार्क पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामने लागायचे. बरोबर उत्तरं, मायनस मार्किंग हे सगळं सेटिंगच्या वेगळ्या फाइलमध्ये. हा प्रोग्राम सुनीताचा. औशाकडची पोरगी, भूकंपात घर पडलेलं, म्हणून सगळ्यांचा जीव तिच्यावर. क्लास चालवणाऱ्या सरांचं तर उठता-बसता "सुनीताला विचारा". माझा नुसता जळफळाट व्हायचा. हो, जळत होते, कशाला लपवू?

लग्न होऊन ती नांदेडला गेली अन् तिची खुर्ची मला मिळाली... पण पहिला निकाल नीट लागला तरच कायम, असं सर म्हणाले. मी आधी तिचा फाइल वाचायचा भाग उडवला. त्यात तपासणीच नव्हती! फाइल नसली तरी प्रोग्राम मुकाट पुढे जाऊन भलतेच मार्क लावायचा. मी लिहिलं — फाइल नाही, आत चूक आहे किंवा फाइल नीट वाचून झाल्याची खूण म्हणून शेवटी लिहायचा 1 नाही, तर जागीच थांब.

निकालाच्या सकाळी नवा कॉम्प्युटर आला. प्रोग्राम कॉपी केला, दुपारी चालवला, याद्या भिंतीवर लावल्या. सरांनी काही पेपर हातानं तपासले. मार्क बरोबर.

संध्याकाळी बघते तर काय... सेटिंगची फाइल कॉपी करायचीच राहिलेली! ती जुन्या कॉम्प्युटरमध्ये, अन् तो वायरी काढून अडगळीत. प्रोग्राम परत चालवला. "फाइल सापडली नाही". ठप्प! मग दुपारी काय वाचलं यानं?

न राहवून सुनीताला फोन लावला. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "ताई, गंमत सांगू का? दुपारी डोळा लागला, तर सपनात तुमचीच सेटिंगची फाइल टाइप करून राहिले होते. शेवटचा 1 टाकला अन् जाग आली बघा."

अंगावर सर्रकन काटा आला. घाबरून सरांना सगळं सांगितलं, तर ते खूशच! "लई गुणाची पोर. नांदेडात झोपून बी आपलंच काम करून राहिली."

हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. खुर्ची मात्र माझ्याकडेच राहिली. पण पुढं दर निकालाला सर दारातून डोकावायचे अन् विचारायचे, "वैशाली, सुनीताला झोपायला सांगितलंस का?"