उभे काटे

"गेज खोटं बोललं," साहेब म्हणाले, "आणि गेज तुझ्या ताब्यात होतं."

सोनगीरजवळ एका शेतात आमचं विमान उतरलं होतं. म्हणजे पायलटच्या मते उतरलं होतं. शेतमालकाच्या मते पडलं होतं. लढाईचे दिवस. मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर, म्हणजे कॉकपिटमधल्या डायलांचा वैद्य. मूळचा धुळ्याचा, म्हणून चौकशीला निघालेल्या साहेबांबरोबर मला पाठवलं.

ऑइलच्या नळीचा सांधा सुटून तेल गळालं होतं. अशा वेळी तेलाचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली यायला हवा. पायलट शपथेवर सांगत होता, आला नाही. पायलट साहेबांचा टेनिसमधला जोडीदार होता. माझ्याशी साहेब टेनिस खेळत नसत. रिपोर्टात माझं नाव गेलं की कोर्ट मार्शल ठरलेलं.

गेज काढून मी धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत नेलं. तिथल्या बॉयलरच्या गेजशेजारी जोडून दोन्ही ताडून पाहिली. एका पौंडाचाही फरक निघाला नाही. निघताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. इंजिन सांभाळणाऱ्या नानांची पाच गेजं तिथे होती आणि एकही सरळ बसवलेलं नव्हतं. एकाचं शून्य तर डोक्यावर.

"नाना, सगळ्या डायल वाकड्या कशा?"

"डायल वाकडी शे. तू काटा देख ना."

पाहिलं. पाचही काटे ताठ उभे.

"आकडा वाचाले टाइम कोनले शे?" नाना म्हणाले. "बठ्ठा काटा उभा शेतस, तवलोंग मी तमाखू मळस. एक आडवा पडना, का मी ऊठस."

म्हणजे सगळे काटे उभे तोवर नाना निवांत. नानांना इंग्रजी आकडे येत नव्हते. आमच्या पायलटला येत होते, हीच अडचण. आमच्या गेजांत सगळं ठीक असताना एक काटा दोनवर, दुसरा सातवर, तिसरा भलतीकडेच. प्रत्येक वाचायचा, पटवून घ्यायचा, शिवाय विमानही चालवायचं.

शेतात परत येऊन गेज विमानात जागेवर बसवलं. इंजिनच्या चारही गेजांच्या कड्या सैल केल्या आणि इंजिन नीट चालताना काटा उभा राहील अशा बेताने डायल फिरवल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः इंजिन चालवून बघायला कॉकपिटात बसले.

"हे काय? पॅनेल दारू प्यायलंय?"

"सर, डायल वाकड्या आहेत, पण काटे सावधानमध्ये उभे राहतील."

परेडची भाषा साहेबांना कळायची. "दहा मिनिटं," ते म्हणाले. "मग सगळं सरळ कर."

इंजिन सुरू झालं. चारही काटे उभे राहिले. मी पंखावर उभा. शिस्त आणि पॅनेलची शोभा या विषयावर साहेब इंजिनच्या वरताण ओरडून मला व्याख्यान देऊ लागले आणि मध्येच थांबले.

"अरे, तो बघ, आडवा झाला!"

त्यांनी इंजिन बंद केलं. तीच तेलाची नळी, शेतात घाईने बसवलेला तोच सांधा पुन्हा सुटला होता. बोलण्याच्या भरातही काटा पडताना साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"म्हणजे गेज खरं बोलतं, सर," मी म्हणालो.

साहेबांनी एकदा डायलकडे पाहिलं, एकदा बाभळीखाली ऊस खात बसलेल्या जोडीदाराकडे.

"बोलतं," ते म्हणाले. "आता ड्रॉइंगप्रमाणे सरळ कर."

रिपोर्टात लिहिलं गेलं की काचेवर खानदेशी ऊन पडल्याने काटा दिसला नाही. उन्हाचं कोर्ट मार्शल होत नाही. मी सुटलो, पायलटही सुटला. डायल सरळ झाल्या, काटे पुन्हा चार दिशांना गेले.

निघण्याआधी नानांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी तमाखू झटकली.

"मंग त्या इमानमा मी नही बससू."

नानांना बसायला कोणी बोलावलं नव्हतं. मला मात्र साहेबांनी त्याच विमानात मागची सीट देऊ केली होती. मी ट्रकने परतलो.